देवाची खेप

भर धंद्याच्या दिवसांत विश्वास कोणावर ठेवावा, सांगाल? तुमच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावून ‘होय शेट’ म्हणणाऱ्यावर, की डोक्यावरचं ओझं खाली ठेवून ‘थांबा शेट’ म्हणणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. घाईने दिलेलं उत्तर आणि घाईने शिवलेली गोणी, दोन्ही अर्ध्या वाटेत उसवतात. आधी गोष्ट ऐका, मग ठरवा.

फार फार मागे, राजे पुष्कळ होते आणि वाटा थोड्या होत्या त्या काळात, एका खाडीच्या तोंडाशी लहानसं बंदर होतं. बंदर म्हणजे काय, तर दगडी धक्का, धक्क्यावर वेताळाची घुमटी, आणि समोर सुपारीची एक वखार. वखारीत शिरलं की सोललेल्या सुपारीचा तुरट, उबदार वास यायचा. ज्यांनी तो एकदा घेतला ते म्हातारपणीही डोळे मिटून सांगायचे, की तसा वास पुन्हा कुठे आला नाही.

वखार नारोशेटची. मोठी गलबतं खाडीच्या तोंडाशी उभी राहत, आत येत नसत. मग वखारीतून गोण्या डोक्यावर घ्यायच्या, धक्क्यावरून टाकलेल्या फळीवरून चालत जायचं, खाली डोलणाऱ्या पडावात, म्हणजे लहान सपाट होडीत, त्या रचायच्या आणि पडावाने गलबतापर्यंत न्यायच्या. हे काम वीस हमालांची टोळी करी. मजुरी खेपेवर मिळे. एक गोणी म्हणजे एक खेप.

त्या टोळीची एक रीत होती. दिवसाची पहिली खेप देवाची. तिची मजुरी हमाल घरी नेत नसत. नारोशेट ती वेताळाच्या घुमटीतल्या रांजणात टाकी. त्या पैशातून दुपारी सगळ्यांची पेज शिजे, आणि कोणी आजारी पडला, कोणाचा हातपाय मोडला, तर त्याच्या घरी तांदूळ जात. रीतीचा दुसरा अर्धा भाग असा, की त्या पहिल्या खेपेला शेटनेही एक गोणी उचलायची. नारोशेट धोतराचा काचा मारायचा, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवायचा आणि सगळ्यांच्या पुढे फळीवर चढायचा. लोक म्हणायचे, शेट, तुम्ही कशाला? तो म्हणायचा, बाबांनो, तराजू सुपारीचं वजन सांगतो, पण ओझ्याचं वजन मानेलाच कळतं.

नारोशेटमागे त्याचा मुलगा मोरशेट गादीवर बसला. ही गोष्ट त्याची आहे.

मोरशेट वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. वाईट माणसाच्या गोष्टीतून शिकण्यासारखं फारसं नसतं. आपण तसे नाही म्हणून ऐकणारा मोकळा होतो. मोरशेट हसतमुख होता, हिशेबाला पक्का होता, दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय पाठवत नसे. पहिली काही वर्षं तोही बापासारखा रोज सकाळी देवाची खेप उचलायचा.

मग सुपारीचे दिवस आले.

झालं असं, की समुद्रापलीकडच्या राज्यातल्या राजाला जेवणानंतर विडा आवडू लागला. राजा विडा खातो म्हटल्यावर दरबार विडा खाऊ लागला. दरबार खातो म्हटल्यावर शिपाई, सोनार, न्हावी, सगळं राज्यच तोंड रंगवून हिंडू लागलं. सुपारीचा भाव एका वर्षात दुप्पट झाला, दुसऱ्या वर्षी चौपट. पंधरवड्याला एक गलबत येई तिथे आठवड्याला तीन येऊ लागली. वखारीला वखार लागली, वीस हमालांचे ऐंशी झाले, गवताच्या घरांवर कौलं चढली. गावात प्रथमच असं झालं, की पाहुणा आला तरी घरातली माणसं शेजारी साखर मागायला गेली नाहीत.

मोरशेटला सकाळी फळीवर चढायला वेळ मिळेना. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा. पोट थोडं पुढे आलं, आणि पुढे आलेल्या पोटाला मागच्या रीती दिसत नाहीत. त्याने ती खेप सोडली.

पुढल्या वर्षी त्याच्या मनात एक विचार आला. पूर्वी दिवसाला एक-दोनच पडाव भरत. आता सात भरतात. वेताळाच्या कृपेनेच ना? मग प्रत्येक पडावाची पहिली खेप देवाची का असू नये? नवा पडाव म्हणजे नवा दिवसच. त्याने हमालांना जमवून सांगितलं, की रांजणात पैसा साठला की घुमटीच्या जागी देऊळ बांधू, सोन्याचा कळस चढवू, खाडीच्या तोंडावरून दिसेल असा. हमालांना बरं वाटलं. देवाला नाही कोण म्हणणार? ऐंशी माणसं रोज प्रत्येकी सात खेपा फुकट वाहू लागली.

तिसरा विचार त्याहून लहान होता. गोणी शिवणाऱ्याला त्याने सांगितलं, यंदा गोणी दोन बोटं उंच शीव. मग दर वर्षी आणखी दोन बोटं. दोन बोटं म्हणजे काय मोठं? कागदावर तर काहीच नाही. मजुरी मात्र खेपेचीच राहिली.

आणि चौथा विचार त्याने कोणालाच सांगितला नाही. रांजण भरला होता आणि एक नवंकोरं गलबत विकायला आलं होतं. देवाचा पैसा तसाच पडून राहण्यापेक्षा धंद्यात फिरला तर वाढेल, असं त्याने स्वतःला समजावलं. कळस काय, पुढल्या वर्षी दुप्पट उंच करू. त्याने रांजण रिकामा केला, गलबत घेतलं आणि त्याला बापाचं नाव दिलं. त्या ‘नारोशेट’ नावाच्या गलबताचं शीड पहिल्यांदा फुगलं तेव्हा धक्क्यावर उभ्या मोरशेटच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. माणसाचं असंच असतं. दुसऱ्याच्या पैशावर उभारलेल्या गोष्टीवरही त्याचं प्रेम खरं बसतं.

चार वर्षं अशी गेली. पाचव्या वर्षी राजाच्या कोठाराकडून मोठा सौदा आला. राजाची तीन गलबतं, साठ पडाव माल. पावसाआधी समुद्र बंद होतो, त्या दिवसाच्या आत तिन्ही भरून सुटली पाहिजेत. माल कमी पडला तर मोरशेटने आपलं एक गलबत राजाच्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या नाईकाला, द्यायचं. मोरशेटची बाकीची दोन गलबतं जुनी; तांडेलाने बोट ठेवलं ते नव्यावर. मोरशेटने हसत हात मिळवला. हाताशी महिना होता आणि सात पडाव रोजचे भरत होते. पण बागांतून सुपारी यायला उशीर झाला, आणि पहिली गोणी उचलली गेली तेव्हा समुद्र बंद व्हायला बाराच दिवस उरले. तरीही नऊ दिवसांत काम होण्यासारखं होतं.

भरायला सुरुवात व्हायच्या आदल्या संध्याकाळी, बागांतून पडावाने आलेला माल उतरवताना, धाकू नावाचा हमाल गोणीसकट फळीवरून पडला. पाय दोन ठिकाणी मोडला.

टोळीचा नाईक होता रायाजी. मोरशेटच्याच वयाचा, बोलायला कमी, चालायला सरळ. तो शेटकडे गेला आणि म्हणाला, की धाकू चार महिने उभा राहणार नाही, तेव्हा रीतीप्रमाणे रांजणातून त्याच्या घरी तांदूळ जावेत.

रांजणात काय आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक, असं मोरशेटला वाटत होतं. तो म्हणाला, की रांजण आता कळसासाठी राखलाय, त्याला हात लावला तर देव कोपेल. मग आपल्या कनवटीचे चार पैसे काढून पुढे केले.

रायाजीने ते घेतले नाहीत. तो म्हणाला, “भीक असती तर घेतली असती शेट. आमचंच आहे ते मागतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली गोणी उचलायच्या आधीच, धक्क्यावर ऐंशी माणसांत कुजबुज सुरू झाली. पेज शिजवायची भागाबाई. तिचा नवरा याच टोळीतला, फळीवरून घसरून खाडीत गेला होता. ती म्हणाली, की तो गेला त्या वर्षी नारोशेटनी बारा महिने रांजणातून तांदूळ पाठवले, आणि शेवटच्या महिन्यात स्वतः येऊन विचारलं, पोरी, आमच्या टोळीची पेज शिजवशील का? तेव्हा पेजेत काठी उभी राहायची. आता पळी बुडवली तर तळ दिसतो. कळसासाठी म्हणे बचत चाललीय.

“देव पेज खात नाही,” ती म्हणाली, “आणि कळस धाकूच्या पोरांना चावता येत नाही.”

दोन-चार तरणे उठले. रांजण फोडू म्हणाले. एकाने वखारीच्या गवताच्या पडवीकडे नुसतं पाहिलं, पण त्या पाहण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. रायाजीने त्यांना खाली बसवलं. फोडलेलं मडकं आणि जळलेली वखार कोणालाच तांदूळ देत नाही, असं तो म्हणाला. शेटचा कुठलाच नियम आपण मोडायचा नाही. उलट तो पुरता पाळायचा. मग त्याने आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून वेताळासमोर ठेवली. त्यावर दुसऱ्याने आपली ठेवली, त्यावर तिसऱ्याने. धाकूची चुंबळ त्याच्या बायकोने आणून ठेवली. ऐंशी चुंबळींचा ढीग झाला. बोली अशी ठरली, की उचलायच्या तर सगळ्यांच्या सगळ्या. एकाने एकट्याची उचलायची नाही.

तो दिवस ठरवाठरवीत गेला असं तुम्हाला वाटेल. नाही. चुंबळी उचलून सगळे कामाला लागले आणि पहिला पडाव रोजच्यापेक्षा चांगला भरला.

पडाव सुटला तशा चुंबळी पुन्हा वेताळापुढे ढिगात पडल्या आणि ऐंशी माणसं धक्क्यावर खाली बसली. भागाबाईने भर उन्हात वेताळापुढे सांजवात लावली. हमालांनी हातपाय धुतले, पथाऱ्या पसरल्या आणि आडवे झाले. काही जण घोरूही लागले. ते खरं की खोटं, वेताळालाच ठाऊक.

मोरशेट वखारीतून धावत आला. दुसरा पडाव धक्क्याला लागून उभा होता. त्याने विचारलं, हा काय प्रकार आहे?

रायाजी पथारीवरून अदबीने उठून बसला. “रात्र झाली, शेट. उद्या या.”

“अरे, डोक्यावर सूर्य आहे.”

“तो तुमचा. आमचा मावळला. पडाव म्हणजे दिवस, असं तुम्हीच सांगितलं होतं. चार वर्षं आम्ही सकाळ तेवढी पाळली. रात्र पाळायची राहून गेली होती.”

मागून कोणीतरी पांघरुणातून म्हणालं, जरा हळू बोला, लोक झोपलेत.

मोरशेट रागाने लाल झाला आणि पाय आपटत वखारीकडे परतला. उत्तर सोपं होतं. दिवस म्हणजे दिवस, एक सूर्य, एक देवाची खेप, एवढं बोलला असता तर काम त्याच क्षणी सुरू झालं असतं. पण तसं म्हणायचं तर चार वर्षांच्या जादा खेपा कुठे गेल्या ते सांगावं लागलं असतं, आणि मग रांजणाचं झाकण उघडावं लागलं असतं. माणूस सहसा दुसऱ्याच्या कुलपात अडकत नाही, स्वतःच लावलेल्या कुलपात अडकतो.

दिवसाला सात पडाव भरत, तिथे दोन भरू लागले.

मोरशेटने तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले. आधी रायाजीला ओसरीवर बोलावलं, पाटावर बसवलं, जरीचं पागोटं पुढे ठेवलं. तुला मुकादम करतो म्हणाला, तुझ्या एकट्याच्या सगळ्या खेपा मजुरीत मोजतो. रायाजीने पागोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, जर चांगली आहे म्हणाला, आणि परत ठेवलं.

“शोभेल मला, शेट. पण हे डोक्यावर ठेवल्यावर चुंबळ कुठे ठेवू?”

मग मोरशेटने खाडीच्या वरच्या गावाहून वीस नवे हमाल आणले. ते आले तेव्हा धक्क्यावर ‘रात्र’ होती. भागाबाईने त्यांना लांबून आलेले म्हणून बसवलं, पेज वाढली. त्यांनी विचारलं, ही माणसं दुपारी झोपलीत का? तिने सगळं सांगितलं, धाकूच्या पायापासून. ते पोट धरून हसले. मग हसू थांबलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, की यजमान झोपलेले असताना पाहुण्यांनी भांडी वाजवणं बरं दिसत नाही. आणि वीसच्या वीस जण शेजारी आडवे झाले. मोरशेटला त्यांची जाण्यायेण्याची मजुरी तेवढी पडली.

आठव्या दिवशी सकाळी पंधरावा पडाव भरला, आणि त्यानंतर कोणी पथारीसुद्धा पसरली नाही. सगळे आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून गप्पा मारत बसले. मोरशेटने निरोप पाठवला, आता काय? निरोप आला, की पंधरा दिवस भरले, आज अमावास्या आहे. अमावास्येला टोळी ओझं उचलत नाही, ही तर नारोशेटच्याही आधीची रीत. आदल्या रात्री खाडीवर चांगला परातीएवढा चंद्र उगवला होता. पण ते सांगायला जायची मोरशेटची हिंमत झाली नाही.

तो वखारीत एकटाच बसून राहिला. पंचेचाळीस पडाव माल तसाच होता आणि पुरते दिवस उरले होते चार. दारातून ‘नारोशेट’ गलबताची डोलकाठी दिसत होती. तिच्याकडे पाहता पाहता त्याला खरे नारोशेट आठवले. पहाटेची ओली फळी आठवली. वीस माणसांच्या पायांचा एका तालातला आवाज आठवला, आणि पडाव सुटल्यावर सगळ्यांनी मिळून पेज ओरपताना बापाच्या मिशांना लागलेली कणी आठवली. तेव्हा वखार एकच होती. भाव एकच होता. दिवस मात्र केवढे मोठे वाटायचे, आणि संध्याकाळी झोप किती लवकर यायची.

तो उठला आणि धक्क्यावर गेला.

भागाबाईने काही न विचारता त्याच्यासमोर पेजेचा वाडगा ठेवला. त्याने एक घोट घेतला. पाण्यात मीठ टाकावं तशी चव. वाडगा त्याने संपवला, कारण बापाने पेज टाकायची नाही असं शिकवलं होतं. मग तो घुमटीत गेला, रांजण दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांच्या समोर पालथा केला. त्यातून वाळलेली जास्वंदीची फुलं पडली, आणि सहा पैसे.

“कळस नाही आणि काही नाही,” मोरशेट म्हणाला. “तुमच्या खेपांचं मी गलबत घेतलं.”

एक जण थुंकला. धाकूची बायको तोंड फिरवून उभी राहिली. ऐंशी माणसं चिडली असती तर एकटा मोरशेट काय करणार होता? पण रायाजी उठला आणि रांजण सरळ करून जागेवर ठेवू लागला.

“आम्हाला ठाऊक होतं, शेट,” तो म्हणाला. “भरलेल्या रांजणावर टिचकी मारली की तो बद्द वाजतो. हा दोन वर्षं घंटेसारखा वाजतोय. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.”

मग बोलणी झाली, आणि ती लांबली नाहीत. दिवस म्हणजे सूर्याचा दिवस, आणि त्याची देवाची खेप एकच. धाकूच्या घरी आजच तांदूळ जातील. रांजणाला झाकण आणि झाकणाला दोन कुलपं. एक किल्ली शेटकडे, एक टोळीकडे, आणि टोळीची किल्ली दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे. नेलेला पैसा तीन वर्षांत परत येईल. मोरशेटने सगळ्याला मान हलवली. शेवटी रायाजी म्हणाला, की अजून एक आहे. देवाची खेप अर्धी मोडलीय, ती पुरी करायची. पहिली गोणी शेटने उचलायची.

तरणी पोरं हसली. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. कोणी म्हणालं, शेट, फळीला भार झेपेल ना?

मोरशेटने काचा मारला. भागाबाईने ढिगातली एक चुंबळ त्याला दिली. दोघांनी गोणी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्याचे गुडघे वाकले. त्याला वाटलं, वय झालं. तो फळीवर चढला. चार पावलं टाकली. फळी झोका घेऊ लागली, आणि मधोमध पोचल्यावर मान अशी दबली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. खाली खाडीचं हिरवं पाणी.

मागून रायाजीचा आवाज आला. “डावा पाय आधी, मोरबा. फळी वर येईल तेव्हा टाक.”

बाप गेल्यापासून त्याला कोणी मोरबा म्हटलं नव्हतं. त्याने फळी वर येईपर्यंत श्वास धरला, डावा पाय टाकला, मग उजवा. पडावात पोचून गोणी खाली ठेवली आणि तो तिच्यावरच बसला. बराच वेळ दम खाऊन त्याने गोणीला हात लावून पाहिला. वीत लावून मोजली. पुन्हा मोजली.

“ही गोणी बापाच्या वेळची नाही,” तो म्हणाला.

“नाही,” रायाजी म्हणाला. “चार वर्षं झाली.”

“मग मागण्यांत हे का नाही सांगितलंत?”

“सांगून कळलं असतं?”

मोरशेटने तिथूनच हाक मारली, की वखारीतली प्रत्येक गोणी सोडा, आठ बोटं माल कमी करा आणि तोंड खाली बांधा. आता ऐका, खरी गंमत इथे आहे. मोठ्या गोण्यांनी, वरच्या गावच्या विसांना घेऊन रात्रंदिवस वाहिलं, तर पंचेचाळीस पडाव जेमतेम भरले असते. पण गोणी लहान झाली तर खेपा वाढणार. खेपा वाढल्या तर चार दिवसांत माल पुरा होणार नाही. हे मोरशेटला कळत होतं, हमालांनाही कळत होतं. रायाजी स्वतः म्हणाला, की हे चार दिवस राहू दे, तुमचं गलबत जाईल. एवढी वर्षं वाहिलं, आणखी चार दिवस वाहू. पुढल्या मोसमात लहान करा.

मोरशेटने डोलकाठीकडे एकदा पाहिलं. मग मान चोळत म्हणाला, “आज मानेला कळलंय. पुढल्या मोसमापर्यंत मी पुन्हा कागदावरच मोजायला लागेन. आत्ताच सोडा.”

चार दिवस टोळीने जीव तोडून काम केलं, आणि वरच्या गावचे ते वीस जणही थांबले. तीस पडाव भरले. पंधरा राहिले. समुद्र बंद होण्याच्या दिवशी राजाची दोन गलबतं भरून गेली, तिसरं पाव भरून गेलं, आणि त्यांच्यामागून ‘नारोशेट’ गलबतही राजाच्या तांडेलाच्या हाती गेलं. ते वळणापलीकडे दिसेनासं होईपर्यंत मोरशेट उभा होता. हमालही उभे होते.

पुढची तीन वर्षं सुपारीचे दिवस टिकले. रांजणाचं देणं फिटलं. पण कुठलीही भरती कायमची नसते. पलीकडच्या राजाचे दात पडले. गादीवर त्याचा मुलगा आला, आणि त्याला रंगलेल्या तोंडांचा तिटकारा. दरबाराने विडा सोडला, मग शिपायांनी, सोनारांनी, न्हाव्यांनीही. सुपारीचा भाव कोसळला तो सुपारीपेक्षा तिची गोणी महाग होण्यापर्यंत.

त्या किनाऱ्यावर तेव्हा सात बंदरं होती. सहा ठिकाणच्या शेटनी हमालांना सांगितलं, पडत्या काळात थोडं सांभाळून घ्या. हमालांनी विचारलं, चढत्या काळात आम्हाला कोणी सांभाळलं? आणि चुंबळी उचलून ते घाटावर निघून गेले. सुपारी वखारीत सडली, पुढे त्या वखारींची कौलंही राहिली नाहीत.

सातव्या बंदरात उलटं घडलं. मोरशेटने काही मागायच्या आधीच रायाजी ओसरीवर आला आणि पाटावर न बसता जमिनीवर बसला. टोळीने ठरवलं होतं, की भाव उठेपर्यंत अर्ध्या मजुरीवर काम करायचं. तो म्हणाला, वखारीत काय आहे आणि काय नाही ते आम्ही जाणतो, तेव्हा तुम्ही खोटं रडत नाही हे आम्हाला कळतं. मोरशेट म्हणाला, अर्धी नको, पाऊण घ्या, उरलेली पाव मी चांगल्या दिवसांत देईन. दोघांनी त्यावर बरीच घासाघीस केली. धनी मजुरी वाढवायला भांडतोय आणि मजूर कमी करायला, अशी घासाघीस त्या किनाऱ्यावर आधी कोणी ऐकली नव्हती, नंतरही फारशी कोणी ऐकली नाही. पाच वर्षांनी नारळाचे दिवस आले तेव्हा माल हलवायला साऱ्या किनाऱ्यावर एकच बंदर जागं होतं, आणि ते कोणतं ते सांगायला नको.

तात्पर्य एवढंच: भरतीच्या दिवसांत जो राबणाऱ्यांचा वाटा राखतो, ओहोटीच्या दिवसांत राबणारे त्यालाच राखतात.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे चार माणसं राबत असोत की चाळीस, एक विनंती आहे. त्यांच्या घामाचा हिशेब खरा ठेवा, आणि त्यांना वाचता येईल अशा अक्षरात ठेवा.